सॉ मिलच्या टाकाऊ लाकडातून वीज निघेल का? (कळंब, जि. धाराशिव)

चिंचेची_फळी | ९ फेब्रुवारी, रात्री ९.१०

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसताच वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

कळंबजवळ आमची लहानशी सॉ मिल आहे, आजोबांपासूनची. २० एचपीची मोटर आहे. कडुनिंब, बाभूळ, सुबाभूळ, कधी परवान्यासकट आलेली चिंच, असा माल कापतो. हंगामात दिवसाला अडीचशे-तीनशे किलो निरुपयोगी माल निघतो. सालीकडच्या फळ्या हॉटेलवाले उचलतात. उरलेल्या ढलप्या, तुकडे आणि भुसा पडून राहतो. भुशाचा तर डोंगर झालाय. गेल्या उन्हाळ्यात त्या ढिगाला आतून धग लागली. विडी पडली की आपोआप, देव जाणे. वरून काही दिसेना, पण पाय ठेवला की चप्पल तापायची. तीन दिवस धुमसत होता, दोन टँकर ओतले तेव्हा विझला.

आता मुद्दा. एका प्रदर्शनात एका कंपनीच्या माणसानं गाठलं. म्हणाला, "गॅसिफायर बसवा, दिवसाला तीनशे किलो लाकूड टाका, लाईट बिल शून्य." गॅसिफायर म्हणजे लाकडाचा गॅस करून त्यावर इंजिन चालवायचं यंत्र. त्यानं कागदावर हिशोब मांडून दिला, तोही बरोबर वाटतोय. दीड किलोला एक युनिट, म्हणजे तीनशे किलोत दोनशे युनिट. माझी मोटर आठ तासांत जास्तीत जास्त सव्वाशे खाते.

भूमकडं दाजींची खव्याची भट्टी आहे. त्यांना रोज जळतन लागतं, ते विकत घेतात. दाजी म्हणतात, "वीज-बीज राहू दे, ढलप्या माझ्याकडं पाठव." घरात यावरून दोन तट पडलेत. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

---

टाकळीचा_टग्या | ९ फेब्रुवारी, रात्री ९.२२

बिल शून्य म्हणणाऱ्याला आधी त्याच्या घरचं बिल मागा.

---

ओल_मोजणारा | ९ फेब्रुवारी, रात्री ११.४८

मूळचा लातूरचा, नोकरी पुण्याला. बॉयलर आणि गॅसिफायरमध्ये सतरा वर्षं गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

तुम्हाला दिलेला हिशोब खोटा नाही, फक्त अर्धा सांगितलाय. शंभर टक्के गॅसवर चालणाऱ्या इंजिनाला एका युनिटला साधारण सव्वा ते दीड किलो लाकूड लागतं, हे खरं. मात्र ते लाकूड कोरडं हवं, ओल वीस टक्क्यांच्या आत. तुकडे साधारण दोन ते पाच सेंटिमीटरचे हवेत. आणि तुमच्याकडं ज्याचा डोंगर आहे तो भुसा त्या यंत्रात चालत नाही. तो थर धरून बसतो, हवा खालपर्यंत पोचत नाही, मधेच पोकळी होते आणि गॅस बिघडतो. म्हणजे तीनशेतले भुशाचे किती ते आधी वजा करा.

आता आत काय होतं ते. उभी भट्टी, वरून लाकूड, हवा मुद्दाम तोकडी. वरच्या थरात लाकूड वाळतं, त्याखाली कोळसा होत वाफा सुटतात, त्याखाली हजार-बाराशे अंशांवर थोडं जळतं आणि सगळ्यात खाली तप्त कोळशातून ते वायू खेचले जातात. बाहेर येतो तो प्रोड्युसर गॅस. पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन तेवढाच किंवा थोडा कमी, मिथेन एक-दोन टक्के, आणि जवळपास निम्मा नुसता नायट्रोजन. एका घनमीटरला हजार-अकराशे किलोकॅलरी, म्हणजे अगदी हलका गॅस.

यात नवीन काही नाही. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा युरोपात लाखो मोटारी मागे टाकी बांधून लाकडाच्या गॅसवर पळत होत्या. आपल्याकडं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं १९८८ मध्ये तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळी या छोट्या गावात गॅसिफायरवर दिवे लावले. फलटणच्या निंबकर संस्थेनं उसाचं पाचट आणि बगॅस (चिपाड) यांसाठी वेगळा गॅसिफायर केला. बिहारमध्ये २००७ पासून एका कंपनीनं भाताच्या तुसावर गावंच्या गावं उजळली. ती कंपनी पुढं सौरऊर्जेकडं वळली, एवढंही लक्षात ठेवा.

माझं मत विचाराल तर दाजी बरोबर आहेत. वाळलेल्या एका किलो लाकडात साधारण ३६०० किलोकॅलरी, म्हणजे चार युनिटांच्या आसपास उष्णता असते. त्यातून वीज काढायला गेलात की पाऊण युनिट हाती येतं, बाकी सगळं सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून आभाळात. तेच लाकूड चांगल्या भट्टीत जाळलं तर निम्म्याहून जास्त कामाला लागतं. तुमच्या घरातच उष्णतेचं गिऱ्हाईक असताना ती फेकून वीज कशाला काढायची?

एक काम करा. ढलप्यांची ओल मोजा. नंतर बोलू.

---

चिंचेची_फळी | १२ फेब्रुवारी, सायं. ७.०५

मोजली. गावातल्या बेकरीवाल्याला पटवलं. त्याची खारी काढून झाली की भट्टी कोमट असते, त्यात पत्र्याच्या ट्रेमध्ये बरोबर एक किलो कडुनिंबाच्या ढलप्या ठेवल्या. सकाळी वजन ६१० ग्रॅम. परत ठेवल्या, दुसऱ्या दिवशी ५६०. तिसऱ्या दिवशीही ५६०. बेकरीवाला म्हणतोय की आता खारीला कडुनिंबाचा वास येतो, गिऱ्हाईक गेलं तर भरून दे.

म्हणजे किलोत ४४० ग्रॅम पाणी! मी आजवर पाणीच विकत होतो की.

---

ओल_मोजणारा | १२ फेब्रुवारी, रात्री १०.३०

झकास. बेकरीवाल्याला माझा नमस्कार सांगा.

आता बघा, त्या ओल्या किलोत पक्कं लाकूड ५६० ग्रॅम. त्याचे जेमतेम २४५० किलोकॅलरी. त्यातले अडीचशे-पावणेतीनशे त्या पाण्याची वाफ करण्यात जातात. हाती उरले २२००. हेच लाकूड पंधरा टक्के ओलीपर्यंत वाळवलं तर किलोला ३६०० च्या पुढं. वाळवायला पैसा लागत नाही, आपला मार्च-एप्रिल-मे फुकट आहे. जमिनीपासून वीतभर उंच पाट घाला, त्यावर सैल रचा, वरून पत्रा टाका, बाजू उघड्या. ताडपत्रीनं गच्च झाकू नका, आत घाम धरतो आणि बुरशी येते.

---

गंगथडीचा | १३ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

गॅसिफायरचा अनुभव विचारलात म्हणून सांगतो. आमच्या सासऱ्यांच्या ऑइल मिलवर एक बसवला होता, बारा-तेरा वर्षं झाली. डिझेल जनरेटरला जोडायचा, सत्तर टक्के डिझेल वाचेल म्हणून. पहिले दोन महिने खरंच वाचलं. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला नेऊन दाखवायचे, नारळबिरळ फोडून झाला होता.

मग पावसाळा लागला. लाकूड दमट. इंजिन धापा टाकायला लागलं. मिस्त्रीनं हेड उघडलं तर आतल्या व्हॉल्व्हवर टार बसलेला, काळाभोर, काकवीसारखा ओघळलेला. फरक इतकाच की काकवी गरम केली की पातळ होते, हा आणखी घट्ट झाला. व्हॉल्व्ह चिकटून पुशरॉड वाकला होता. साफ केलं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. गॅस धुतलेलं पाणी ठेवायला हौद केलेला, त्या पाण्याचा वास असा की म्हशी त्या बाजूला फिरकायच्या नाहीत. ते पाणी टाकायचं कुठं यावरून शेजारच्या शेतकऱ्याशी भांडण झालं ते वेगळंच.

यंत्र वाईट होतं असं मी म्हणणार नाही. ते सांभाळायला एक माणूस पूर्ण वेळ लागतो आणि आम्ही ते काम हमालावर सोपवलं. आता त्याच्या टाकीत सासूबाई ज्वारी साठवतात. किडा लागत नाही म्हणे.

---

टाकळीचा_टग्या | १३ फेब्रुवारी, सकाळी ८.४०

किडा कसा लागेल, त्यालाही वास येत असेल.

---

उत्तरध्रुवी_नांदेडकर | १३ फेब्रुवारी, दुपारी २.२०

दक्षिण स्वीडनमध्ये राहतो, म्हणून इथलं सांगतो. वेक्श्यो नावाचं शहर आहे, आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं. १९८० पासून तिथल्या उष्णताघरात लाकडाचा चुरा जळतो, आणि १९९६ मध्ये नगरपालिकेनं ठराव केला की खनिज इंधन हळूहळू बंद. तेच बॉयलर वाफेवर वीज काढतात आणि उरलेलं गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून घराघरात जातं. बाहेर उणे दहा आणि घरात बनियनवर बसतो आम्ही. वीज आणि उष्णता दोन्ही धरली तर लाकडातली ऐंशी-नव्वद टक्के ऊर्जा वापरली जाते.

तिथं जळतं काय? जंगलतोडीनंतर उरलेल्या फांद्या आणि शेंडे. त्याला इथं 'ग्रोट' म्हणतात, फांद्या आणि शेंडे या दोन शब्दांचं लघुरूप. रस्त्याकडेला कागदाखाली झाकून महिनोन्महिने वाळवतात. मला पाहिल्यावर आपल्या तुराट्यांची गंजी आठवली.

पण हे सगळं जमतं कारण गरम पाण्याला वर्षातले आठ महिने गिऱ्हाईक आहे. नांदेडला मे महिन्यात कुणाच्या घरात गरम पाण्याचा नळ सोडला तर तो माणूस काठी घेऊन येईल.

---

चुलव्या | १३ फेब्रुवारी, रात्री ८.५०

मी साखर कारखान्यावर बॉयलरला आहे. नांदेडकर म्हणतात ते आपल्याकडंही चालतं, फक्त घरं तापवत नाही, रस तापवतो.

बगॅस म्हणजे चिपाडच. त्यात निम्मं पाणी, तरी आम्ही जाळतो, कारण भट्टी त्यासाठीच बांधलेली असते. सत्तर-ऐंशी किलो दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते, वीज तिथं होते. टर्बाइनमधून दीड किलो दाबानं बाहेर पडणारी तीच वाफ रस आटवायला जाते. एकदाच जाळायचं, दोनदा वापरायचं. सहवीजनिर्मिती म्हणतात ती ही. गाळप बंद झालं की रस नाही, मग उरलेली वाफ थंड करायला पाणी लागतं, आणि हिशोब बिघडतो.

पाण्यावरून आठवलं. बारीकसारीक गावांत लाकडावर वाफेचं वीजकेंद्र काढायच्या गप्पा कुणी मारत असेल तर त्याला २०१५ ची आठवण द्या. परळीचं औष्णिक केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं होतं. पुढच्या वर्षी एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. कोळसा असो की लाकूड, वाफेला थंड करायला पाणीच लागतं.

आणि चिंचेची फळी, उद्या कुणी स्वस्तातला बॉयलर गळ्यात मारला तर दाबाची भांडी बॉयलर कायद्यात येतात हे विसरू नका. कायदा १९२३ चा होता, २०२५ मध्ये नवा आला. पंचवीस लिटरच्या वरचं आणि वाफेचा दाब धरणारं भांडं असेल तर तपासणी लागते. गावठी वेल्डिंग केलेला ड्रम फुटला की काय होतं ते मी पाहिलंय. इथं लिहीत नाही.

---

हळद_उकड्या | १४ फेब्रुवारी, सकाळी ६.३०

वसमतहून. सद्या आमच्याकडं हळद शिजवायची धांदल चालू हाय, म्हणून एवढ्या पहाटं लिहायलाव.

पूर्वी मोठ्या कढईत हळद उकळायचे. पाणी भरा, वरून पाचोळा अन् पोतं झाका, खाली धडाधडा जाळ. एका कढईला किती जळतन गेलं याचा हिशोबच नव्हता, बांधावरची बाभळ संपली की शेजाऱ्याची. आता वाफेचे ड्रम आले. एका टाकीत वाफ करायची अन् नळीनं ड्रमात सोडायची. पाणी कमी, जळतन निम्म्याच्या आत, अन् हळद सारखी शिजती. आम्ही हळदीच्याच वाळलेल्या पाल्यावर अन् तुराट्यावर भागवतो.

तुमच्या ढलप्या इकडं पाठवा की भाऊ, फेब्रुवारी-मार्चात सोन्याच्या भावानं जातील.

---

पांढरा_कोळसा | १४ फेब्रुवारी, सकाळी ११.००

भुशाचं उत्तर माझ्याकडं आहे, कारण माझा धंदाच तो. जालना-परभणी पट्ट्यात ब्रिकेट, म्हणजे भुसा दाबून केलेले जळणाचे ओंडके, करतो. आम्ही त्याला पांढरा कोळसा म्हणतो, रंग मात्र तपकिरी असतो.

भुसा, पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा) भुगा, सोयाबीनचं भुसकट, सगळं दहा-बारा टक्के ओलीवर आणून प्रेसमध्ये ठोकायचं. गोंद-बिंद काही घालत नाही. दाबानं आणि घर्षणानं जी उष्णता होते त्यात लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि तेच चिकटवतं. प्रेसमधून गरम ओंडका बाहेर येतो, वास थेट भाजलेल्या शेंगांसारखा. सुट्ट्या पऱ्हाटीचा ट्रक भरला तर हवाच जास्त वाहून नेतो आपण. ब्रिकेट पाण्यात टाकली तर बुडते, इतकी घट्ट.

पण तुमच्या एकट्याच्या भुशावर प्रेस बसवू नका. दिवसाला काही टन माल लागतो, नाहीतर प्रेसची वीजच परवडत नाही. गंमत बघा, जळण बनवायला लाईट बिल. भुसा कोरडा ठेवा आणि जवळच्या प्लांटला विका. मातीचा कण नको, आमचा डाय (प्रेसचा साचा) खराब होतो.

पऱ्हाटीचं एक सांगतो, इथल्या कापूसवाल्यांसाठी. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. कृषी विद्यापीठवाले ओरडून सांगतात की फरदड (हंगाम संपल्यावर तीच कपाशी पुढं ठेवून घेतलेलं पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या उपटा आणि बांधावर रचून ठेवू नका. उरलेल्या बोंडांत अळी कोषात बसते आणि पुढच्या हंगामात तुमच्याच शेतात उतरते. जागेवर कुट्टी करून उचलली तर अळीही जाते आणि पैसेही येतात. मी गिऱ्हाईक मिळवायला बोलतोय हे खरंय, पण खोटं बोलत नाही.

---

बांधावरची_आक्का | १४ फेब्रुवारी, दुपारी ४.१०

सगळं वाचलं. सगळे हुशार आहात. मला एकच खटकतंय.

'टाकाऊ' हा शब्द भाव मिळेपर्यंतच असतो. आमच्या गावाजवळ एका कारखान्यानं बॉयलरसाठी लाकूड घ्यायला सुरुवात केली. बोर्डावर लिहिलं होतं शेतीचा पालापाचोळा. पहिल्या वर्षी तुराट्या गेल्या. दुसऱ्या वर्षी वेडी बाभूळ गेली, त्याचं मला दुःख नाही, जाऊ दे ती. तिसऱ्या वर्षी ट्रॅक्टरमध्ये कडुनिंबाची हिरवी खोडं दिसायला लागली. माझ्या सासऱ्यांनी लावलेले दोन निंब भाऊकीतल्या एकानं रात्रीत उतरवले. चिंच, आंबा, मोह यांना १९६४ चा वृक्षतोड कायदा आहे, तरी रात्री कोण बघतंय?

मराठवाड्यात जंगल नावाला आहे. जे काही आहे ते बांधावर आहे. आणि शेतातली प्रत्येक काडी जाळायची म्हटली तर मातीत काय जाणार? आमची जमीन आधीच भुकेली आहे. पऱ्हाटी कुट्टी करून रानातच पसरली तरी अळीचा प्रश्न सुटतो ना, दादा?

सॉ मिलवाल्या भाऊंना माझा विरोध नाही, त्यांच्याकडं खरंच उरलेलं लाकूड आहे.

---

पांढरा_कोळसा | १४ फेब्रुवारी, दुपारी ४.५५

आक्का, मान्य. बारीक कुट्टी करून मातीत मिसळली तर अळीचं बरंच काम होतं. कुट्टी यंत्राचं भाडं कोण देतो, हा प्रश्न राहतो. मी हिरवं लाकूड घेत नाही, ओल मोजूनच गाडी आत घेतो, पण सगळेच मोजतात असं छातीठोक सांगणार नाही.

---

वाळूजचा_पॅलेटवाला | १४ फेब्रुवारी, रात्री ९.३५

संभाजीनगरला एमआयडीसीत पॅकिंगच्या लाकडाचा भंगार धंदा. थोडक्यात लिहितो. पॅलेटवर (माल ठेवायच्या लाकडी चौकटीवर) शिक्का असतो तो वाचा. एचटी लिहिलं असेल तर नुसती उष्णता दिलेलं लाकूड, जाळायला हरकत नाही. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते चुलीला नको. प्लाय, एमडीएफ, सनमायका, रंग दिलेली चौकट, रेल्वेचे डांबरी स्लीपर, यांतलं काहीही खव्याच्या किंवा हळदीच्या भट्टीत घालू नका. गोंदातलं फॉर्माल्डिहाइड आणि रंगातलं काय काय धुरातून वर येतं. खिळे तर वेगळेच, राखेत पाय पडला की कळतं.

---

उत्तरध्रुवी_नांदेडकर | १४ फेब्रुवारी, रात्री ९.५०

+१. रंगीत लाकूड इथंही जळतं, पण वेगळ्या परवान्याच्या मोठ्या केंद्रात, धूर गाळायची सोय असते तिथं. घरच्या चुलीत कुणी घालत नाही.

---

ओल_मोजणारा | १५ फेब्रुवारी, सकाळी १०.२०

आता दाजींच्या भट्टीवर येऊ. चिंचेची फळी, भट्टी कशी आहे? जाळी आहे का? धुराडं? कढईचा व्यास आणि भट्टीच्या तोंडाचा?

---

चिंचेची_फळी | १६ फेब्रुवारी, रात्री ८.००

आज मुद्दाम भूमला जाऊन आलो. भट्टी म्हणजे मातीचा गोल ओटा, समोर एक तोंड, लाकूड थेट मातीवर. जाळी नाही, धुराडं नाही. कढई ठेवली की सगळीकडून चार बोटं फट, जाळ तिथूनच बाहेर. दाजी जाळासमोर बसून खुरपणीनं हलवतात, डोळे कायम लाल. ताई म्हणते लग्नात असे नव्हते.

चाळीस लिटर म्हशीचं दूध आटवलं, खवा आठ किलोच्या आसपास. जळतन वजन करून टाकलं, ५८ किलो. आहे तसंच, ना पुरतं ओलं ना वाळलेलं.

---

ओल_मोजणारा | १६ फेब्रुवारी, रात्री ११.१५

चाळीस लिटरातून आठ किलो खवा, म्हणजे बत्तीस किलोच्या आसपास पाणी उडालं. एक किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी. दूध उकळीला आणायचे अडीच हजार धरा. सगळे मिळून वीस हजार. तुम्ही जाळलं ५८ किलो, ओल तीस टक्के धरली तरी एक लाख सत्तर हजाराच्या घरात. आठातला एक भाग दुधाला मिळाला. सात भाग दाजींच्या डोळ्यांना आणि छपराला.

तीन गोष्टी करा. भट्टीच्या तळापासून वीतभर वर लोखंडी जाळी, म्हणजे हवा खालून येईल आणि राख खाली पडेल. कढईभोवतीची फट बोटाच्या पेराएवढी ठेवा, बाकी मातीनं लिंपा, जाळ कढईच्या पोटाला घासत मागे गेला पाहिजे. मागून धुराडं, छपराच्या वर हातभर. तोंडाला झाकण, लाकूड टाकताना तेवढं उघडायचं. लाकूड थोडं थोडं टाका, एकदम भारा कोंबला की नुसता धूर.

आणि भट्टीची खोली चारी बाजूंनी बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. माणूस झोपेतच जातो.

---

टाकळीचा_टग्या | १७ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

चार गोष्टी झाल्या की साहेब, तीन म्हणालात. बाकी सगळं पटलं.

---

चिंचेची_फळी | २१ मे, रात्री ९.३०

धागा वर काढतोय. तीन महिने लागले, लगीनसराईत गवंडीच मिळेना.

जाळी गावातच केली, जुन्या ट्रॅक्टरच्या सळयांची. पहिली जाळी पातळ होती, महिन्याभरात वाकली, कढईसकट एका बाजूला कलली. चाळीस लिटर दुधातलं तीन-चार लिटर भट्टीत. दाजी दोन दिवस बोलले नाहीत. दुसरी जाळी जाड सळईची केली, मधे विटेचा टेकू दिला. धुराडं सिमेंटच्या पाइपाचं लावलं, ते तापून तडकलं. मग खाली विटांचं बांधलं आणि वर पत्र्याचं.

काल वजन केलं. तेवढंच दूध, तेवढाच खवा, ढलप्या दोन महिने वाळवलेल्या. २७ किलो लागल्या. दाजी पुन्हा पुन्हा काटा तपासत होते. धूर पहिली पाच मिनिटं, नंतर धुराड्यातून नुसती हवा थरथरताना दिसते. खवा थोडा पांढरा येतो आता, धुराचा वास गेला. एक जुना गिऱ्हाईक म्हणाला, "चव बदलली, धुरकट होता तोच बरा होता." त्याला काय सांगायचं ते सुचलं नाही.

भुशाचं म्हणाल तर अर्धा ब्रिकेटवाल्याला गेला. थोडा घरी ठेवला. आईनं तिच्या माहेरची भुशाची शेगडी काढली. पत्र्याचा डबा, खाली बाजूला एक भोक. त्या भोकात एक आडवी काठी, मधोमध एक बाटली उभी, भोवती भुसा भरत मुसळानं ठासायचा. मग बाटली फिरवत अलगद वर काढायची, काठी ओढून घ्यायची. मधे नळीसारखी पोकळी राहते. खालून पेटवली की आतल्या आत जळत वर येते. सकाळी पेटवली तर दुपारपर्यंत डाळ, अंघोळीचं पाणी, सगळं होतं, फुंकावं लागत नाही. मी बाटली काढताना दोनदा ढासळवली. आई एका झटक्यात काढते. ओला भुसा मात्र तिलाही जुमानत नाही.

गॅसिफायर घेतला नाही. शेडवर सोलर बसवायचं बघतोय, पण आरा चालू करताना मोटर एकदम जोर खेचते, तिथं काय करायचं ते कुणी सांगेल का? वेगळा धागा काढू?

---

ओल_मोजणारा | २१ मे, रात्री १०.४०

५८ वरून २७! आठातला एक होता, आता पाचातला एक झाला. अजून वाव आहे. धुराड्यातून जाणाऱ्या उष्णतेवर दुसरी छोटी कढई ठेवता येईल, गुऱ्हाळाच्या चुलवाणात मागच्या कढईत रस कोमट करतात तसं. दूध तिथं आधी तापवा.

सोलरचा धागा वेगळा काढा. नेट मीटरिंग (सोलर ग्रिडला जोडलेलं, जास्तीची वीज तिकडं जाते) असेल तर सुरुवातीचा जोर ग्रिडमधून येतो, सोलरवर पडत नाही. मोटर हळूहळू वेग घेईल असा सॉफ्ट स्टार्टर लावला आहे का?

---

बांधावरची_आक्का | २२ मे, सकाळी ६.५०

ताईंचे डोळे कसे आहेत आता? दाजींचे म्हणायचं होतं.

---

चिंचेची_फळी | २२ मे, दुपारी १.१५

आक्का, दोघांचेही बरे आहेत. ताई आता भट्टीजवळ बसून मोबाईल बघते, आधी तिथं थांबवत नव्हतं.

सॉफ्ट स्टार्टर नाही, जुन्या पद्धतीचा स्टार-डेल्टा स्टार्टर आहे. नवा धागा रात्री टाकतो. भुसा अजून बराच शिल्लक आहे. कुणाला शेगडीसाठी हवा असेल तर पोतं घेऊन या, मी भरून देतो.

---

टाकळीचा_टग्या | २२ मे, दुपारी १.१८

बाटली तुमची की आमची?